डब्यावरचं इंग्रजी

आमच्या गल्लीतल्या दिगांबरच्या बहिणीच्या लग्नात उकंडराव काकांनी नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि भर मांडवात खणखणीत आवाजात आशीर्वाद दिला, "बेस्ट बिफोर ट्वेंटी फोर मंथ्स!"

नवरदेव नागपूरला कॉलेजात शिकलेला. त्याला इंग्रजी येत होतं, हीच पंचाईत झाली. त्याचा चेहरा पडला. बाकीच्या मांडवाने मात्र टाळ्या वाजवल्या, कारण 'बेस्ट' एवढं सगळ्यांना कळलं होतं. मी काकांना बाजूला घेतलं आणि समजावलं, "काका, याचा अर्थ माल चोवीस महिन्यांच्या आत वापरा, पुढे खराब होतो."

काकांनी क्षणभर विचार केला. "मंग काय चुकलं, गुर्जी? दोन वर्सं तरी बेस्ट जातीन म्हन्लं. तुमचे किती गेलते?"

माझी बायको शेजारीच उभी होती, म्हणून मी विषय वाढवला नाही.

हे काका माझे शेजारी. पांढरकवड्याहून थोडं आत, हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न जेमतेम ऐकू येतील अशा एका गावात माझी आदल्या वर्षी बदली झाली होती. मी शाळेत इंग्रजीचा मास्तर, आणि माझ्या खोलीच्या भिंतीला लागून काकांचा गोठा. काका चौथी पास, वय साठीला टेकलेलं. अंगात बंडी, खाली धोतर आणि डोक्यावर बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली लाल टोपी. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवत होतो, पण पुस्तकाबाहेरचं एक वाक्य कधी कुणाशी बोललो नव्हतो. काका वर्षभरापासून शिकत होते आणि त्यांचं तोंड बंद होत नव्हतं.

ती कापसाची वाईट वर्षं. बोंडं अळी खायची आणि उरलेल्याला कुणी विचारायचं नाही. पीक येत नव्हतं, पण गावात इंग्रजी भरघोस यायचं. बियाण्याच्या पाकिटावर इंग्रजी, औषधाच्या डब्यावर इंग्रजी, पाहणीला येणाऱ्या पांढऱ्या गाड्यांच्या दारांवर इंग्रजी. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. त्या औषधाच्या खोक्यात एक घडी घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद असतो. सगळं गाव तो कागद फेकून द्यायचं आणि काका तो उचलून, धूळ झटकून बंडीच्या खिशात घालायचे. कृषी केंद्रात जाऊन ते दुकानदाराला म्हणायचे, "औषध नोको देऊ, कागद दे." दुकानदार लांबूनच हात जोडायचा.

त्यांची सगळी भाषा ही अशी डब्यावरची. काकूंनी मठ्ठ्याचा गिलास पुढे केला की काका ओरडणार, "कौसा, शेक वेल बिफोर यूज!" कौसाकाकू गिलास गदागदा हलवून म्हणायच्या, "हे घ्या, शेक केलं. आता प्या गपगुमान." मे महिन्यात ते दुपारभर निंबाखाली बाज टाकून पडायचे. कुणी काम घेऊन आलं की डोळे न उघडता सांगायचे, "स्टोअर इन कूल अँड ड्राय प्लेस. मी इथंच ठेवला हावो. संध्याकायी ये."

डब्यावर एक रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे फार विषारी, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यात सौम्य. काकांनी अख्ख्या गावाला हे रंग वाटून टाकले होते. सरपंच लाल. आमचे मुख्याध्यापक पिवळे. भजनी मंडळातले दोघे निळे, पण एकत्र आले की पिवळे. मला हिरवा मिळाला होता. मी खूश होऊन कारण विचारलं, तर म्हणाले, "तुमच्यानं कोनाले काहीच होत नाही, गुर्जी. ना चांगलं, ना वाईट." काकूंचा रंग विचारला तेव्हा त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग आवाज खाली आणला. "मले घरीच जेवाचं हाये, बाप्पा."

वहीचा त्यांना भरवसा नव्हता. नवीन शब्द ते गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने लिहायचे. चुना म्हशीला फार आवडायचा. एकदा सकाळी सकाळी हाक आली, "गुर्जी, 'व्हॉमिटिंग'चं स्पेलिंग पुन्हा सांगा, रातच्याले म्हशीनं चाटलं." काकू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "हे मागं राह्यले. आमची म्हैस मॅट्रिक झाली."

तर अशाच एका सकाळी मी दात घासत असताना काका कुंपणाशी आले. हातात तो घडीचा कागद होता.

"गुर्जी, पोयाच्या आत मले हा पुरा कागद वाचता आला पायजे. कोनाले न इचारता."

"पोळ्याच्या आत? एवढी घाई का?"

"पोयाच्या मांगंपुढं फवारनी जोरात राह्यते," एवढंच ते म्हणाले. मी तोंडात ब्रश असतानाच हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग आमची शिकवणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. कागदावर मळमळ होती, घाम होता, झटके होते, विषावरचा उतारा होता. माझ्या पाठ्यपुस्तकात टॉम होता, टॉमचा कुत्रा होता, पण टॉमला वीस वर्षांत एकदाही मळमळलं नव्हतं. 'ऑरगॅनोफॉस्फरस' हा शब्द आला तेव्हा मी छपाईची चूक आहे असं ठोकून दिलं. काका माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतला जाडा शब्दकोश घरी आणला आणि रोज काकांच्या एक पान पुढे राहायची धडपड सुरू केली. तो शब्द म्हणजे विषाच्या एका जातीचं नाव निघालं; काकांनी त्याचे तीन तुकडे केले आणि वैरण टाकताना, धार काढताना, रस्त्याने चालताना ते एकेक तुकडा घोकू लागले.

गावात औषधाला नाव नसायचं, रंग असायचा. "काल लाल डबा मारला", "यंदा निळ्या झाकनाचं आनलं", असं बोलणं. काकांना ते खपायचं नाही. त्यांची विहीर रस्त्यालगत, बारमाही पाण्याची. आजूबाजूचे सगळे फवारणीचा पंप तिथेच भरायचे. काकांनी त्या वर्षी नियम काढला की औषधाचं नाव सांगितल्याशिवाय पाणी मिळणार नाही. विहिरीच्या काठावर बसून ते प्रत्येकाला अडवायचे. "रंग नोको सांगू. नाव सांग."

लोक वैतागले, पण पाणी तर हवं होतं. दिगांबर हा तिशीचा गडी, दुसऱ्यांच्या वावरात फवारणी करून पोट भरायचा. मोठा थट्टेखोर. एकदा तो आपल्या सासऱ्याचं नाव सांगून पंप भरून गेला. काकांनी ते नाव रात्रभर कागदांमध्ये शोधलं. सकाळी काकूंनी खुलासा केला तेव्हा काकांनी दिगांबरला निळ्यावरून थेट लाल रंगात टाकलं आणि नियम आणखी कडक केला. आता नाव सांगायचं आणि डबाही दाखवायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी काकांनी माझ्यासमोर उभं राहून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. उच्चार त्यांचे स्वतःचे होते, पण एकही शब्द गाळला नाही. काकूंनी मला पुरणाची पोळी एक दिवस आधीच वाढली.

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. दुपारी शाळा सुटत होती आणि दिगांबर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोसळला अशी बातमी आली. तो सकाळपासून वाऱ्याच्या तोंडी फवारत होता. अंग घामाने निथळत होतं, उलट्या थांबत नव्हत्या. गावातली एक जीप मिळाली. मागच्या सीटवर काकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मी पुढे बसलो आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. घाईत डबा वावरातच राहिला होता.

डॉक्टर तरुण होता, परराज्यातून नुकताच आलेला. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. मी शिक्षक आहे, तेही इंग्रजीचा, हे कळल्यावर त्याला हायसं वाटलं आणि त्याने भराभर विचारायला सुरुवात केली. कोणतं औषध, किती वेळ झाला, काय काय त्रास झाला. प्रश्न मला सगळे कळले. उत्तर एकही सुचेना. माझ्या तोंडून "यस सर" एवढंच निघालं, तेही दोनदा.

तेव्हा काका पुढे झाले. देवळात जातात तशा त्यांनी चपला दाराशी काढल्या होत्या. टोपी हातात घेतली, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सर. ऑरगॅनो. फॉस. फरस." मग सकाळी विहिरीवर पाहिलेल्या त्या डब्यावरचं अख्खं नाव सांगितलं. "व्हॉमिटिंग, सर. स्वेटिंग. अँटिडोट, अॅट्रोपिन." आणि सुरात आल्यावर थांबता येईना, तेव्हा कागदावरचं पुढचंही म्हणून टाकलं, "कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन."

डॉक्टरने त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि वळून नर्सला हाक मारली.

संध्याकाळच्या आत दिगांबरने डोळे उघडले. "चा पायजे," म्हणाला. काका वाकून त्याच्या कानाशी गेले. "आंधी नाव सांग डब्याचं." दिगांबरने पडल्या पडल्या, मागाहून आलेल्या बायकोदेखत, बिनचूक नाव सांगितलं. डॉक्टर जाता जाता काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थँक यू, अंकल." काकांनी नुसती मान हलवली.

आम्ही बाहेर बाकड्यावर चहा घेऊन बसलो. माझा जीव भांड्यात पडला होता आणि मला चेष्टा सुचायला लागली होती. म्हटलं, "काका, उद्यापासून शाळेत तुम्हीच जा. मी म्हशी सांभाळतो."

काका हसले नाहीत.

"पुंडलिक माहा धाकला भाऊ," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आंधीच्या सालची गोष्ट. फवारता फवारताच पडला. याच बाकड्यावर बसलतो मी. तवा डॉक्टर दुसरा होता, त्यानं इचारलं, कोनतं औषध. मी म्हन्लं, लाल डब्बा. त्यानं पुन्हा इचारलं. मी पुन्हा म्हन्लं, लाल डब्बा. मले दुसरं काही येतच नोतं, गुर्जी. अन् थो डब्बा माह्या कोठ्यात दोन महिने पडून होता. रोज डोयापुढं होतं नाव."

मी विचारलं, "नाव कळलं असतं तर..."

"नाही. डॉक्टर म्हने, लय उशीर झालता, नावानं काही फरक पडला नसता. असन. पन मी सांगून तं पाह्यलं असतं."

वर्षभर या माणसाच्या इंग्रजीला मी हसत होतो, शाळेत शिक्षकांना त्याचे किस्से सांगून हशा मिळवत होतो. काकांनी चहाचा एक घोट घेतला. मग बंडीच्या खिशातून कागदांचा तो जुडगा काढला आणि माझ्या हातात दिला.

"सारे वाचले म्या, गुर्जी. मयमय हाये, घाम हाये, लेकरायपासून दूर ठेवा हाये. पन 'याले वाचवा, हा माहा भाऊ हाये' हे कोन्याच कागदावर लिवलेलं नाही. थे कसं म्हन्तात?"

मी सांगितलं, "सेव्ह हिम. ही इज माय ब्रदर."

काकांनी चहाचा गिलास खाली ठेवला आणि ते वाक्य हळूच म्हणून पाहिलं. मग दवाखान्याच्या दाराकडे तोंड करून, जरा मोठ्याने, पुन्हा एकदा म्हटलं. दारात कुणीच नव्हतं.