चौथी मेख

तंबूला चार मेखा लागतात. हे तंबू ठोकणाऱ्याला माहीत असतं, तंबूत झोपणाऱ्याला माहीत असतं, आणि वाऱ्याला तर सगळ्यांत आधी माहीत असतं. फक्त तंबू व दोरखंड संचालनालयाला २००९ च्या मंदीत ते एकदा तपासून घ्यावंसं वाटलं, एवढंच.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे दिनानाथशेठचा छोटासा कारखाना होता. मंदीने त्यांची गिऱ्हाइकं एकेक करून गिळली. शेवटी उरलं सैन्य, आणि सैन्याच्या तंबूंच्या लोखंडी मेखा. हे काम गेलं की भट्टी बंद, आणि भट्टीवर बावीस वर्षं घण मारणारे झुबेरभाई घरी. पण शेठ निर्धास्त होते. "देश सगळं कापेल हो, पण संरक्षण कापणार नाही," असं ते रोज सकाळी तळ्याकाठी फिरायला येणाऱ्या मंडळींना ऐकवत आणि मंडळी माना डोलावत.

परिपत्रक आलं, तेही हेच म्हणत होतं. 'संरक्षण खर्चात कोणतीही कपात करण्यात येणार नाही. केवळ सुसूत्रीकरण करण्यात येईल.' पाठोपाठ सुसूत्रीकरणाचे उपसंचालक गुरुदत्त नाडकर्णी स्वतः कारखान्यात आले. माणूस सज्जन, चहा बिनसाखरेचा, फाईल जाडजूड.

"शेठ, वारा एका वेळी किती बाजूंनी येतो?"

"एकाच."

"मग बाकीच्या तीन मेखा तेव्हा काय करतात?"

शेठनी आयुष्यभर मेखा विकल्या, पण त्या मोकळ्या वेळात काय करतात हे बापड्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"आम्ही तिन्ही काढा म्हणत नाही," नाडकर्णी उदारपणे म्हणाले. "एकच काढू."

कर्नाळ्याच्या पायथ्याशी चाचणी झाली. अठरा जणांची समिती, तीन गाड्या, जेवणाची सोय आणि वारा मोजणारं परदेशी यंत्र. चौथ्या मेखेच्या पैशांत त्या यंत्राचं खोकंसुद्धा आलं नसतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा. तंबू उभा राहिला, वारा आला, आणि तंबू समितीच्या डोक्यावर बसला. अहवाल तंबूखालीच लिहून झाला: 'तंबू मेखेअभावी पडला नसून, वारा मंजूर नसलेल्या दिशेने आल्यामुळे पडला.'

तरी तो चौथा दोर नुसता लोंबकळत होता, त्याचं काहीतरी करणं भाग होतं. नाडकर्णींनी चार दिवस फाईल चाळली आणि वाट काढली. मेख म्हणजे खरेदी, आणि कात्री होती ती खरेदीला. जवान म्हणजे पगार, आणि पगाराला कुणाची हात लावायची छाती नव्हती. तेव्हा दोर जवानाच्या हातात द्यावा. चौथी मेख अशी वाचल्यावर तिसरीची, दुसरीची आणि पहिलीचीही तीच वाट लागली. चौघे जवान दोर धरून बाहेर उभे राहिल्यामुळे तंबूत झोपायला कुणी उरलं नाही, आणि गाद्यांचाही खर्च वाचला.

भट्टी थंड झाली. शेठना झुबेरभाईंकडे बघवेना.

"माफ करा झुबेरभाई. मला वाटलं होतं, देश आपल्याला सोडणार नाही."

"तुमचा काय कसूर, शेठ? माझा नोमान आहे ना फौजेत. त्याला पक्की ड्युटी लागलीय म्हणे. कसली ते काही सांगत नाही."

सव्वीस जानेवारीला संचालनालयाने पनवेलच्या मैदानावर प्रदर्शन भरवलं. खारघरहून लोक मुलाबाळांना घेऊन आले. मधोमध तंबू, चार कोपऱ्यांना चार जवान, हातांत ताणलेले दोर. "काय शिस्त आहे बघा," तळ्याकाठची मंडळी म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अभिप्रायाच्या वहीपुढे रांग लागली. शेठनीही सवयीने टाळ्या वाजवल्या. मग त्यांची नजर चौथ्या कोपऱ्याकडे गेली आणि हात तसेच राहिले. दोर धरून नोमान उभा होता.

झुबेरभाईंनी त्याला आधीच पाहिलं होतं. कठडा ओलांडून ते नाडकर्णींसमोर गेले आणि खिशातून एक मेख काढली. शेवटच्या दिवशी घडवलेली, आठवण म्हणून ठेवलेली.

"साहेब, ही ठोकू द्या. फुकट आहे. पोरगा सकाळपासून उभा आहे."

"घेता येत नाही हो," नाडकर्णी खरोखर हळहळले. "या वस्तूची तरतूदच नाही. निविदा काढावी लागेल."

"मग दोर मी धरतो. त्याला पाणी तरी पिऊ द्या."

नाडकर्णींनी नियम चाळले. बापाने दोर धरू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. नोमानच्या हातांना रग लागली होती, बोटं उघडत नव्हती. झुबेरभाईंनी ती एकेक करून सोडवली.

"अब्बा, हे तुमचं काम नाही. तुम्ही आपला घण मारा."

"घण कुठे राहिला आता, बेटा," झुबेरभाई म्हणाले आणि दोर ताणून उभे राहिले. शेठनी हात खिशात घातले. लोकांनी मात्र आधीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

नाडकर्णी टिपण करत होते. मेखेला खरेदी लागते, जवानाला पगार लागतो. हा माणूस कुठल्याच खर्चात बसत नव्हता.

एप्रिलात नवं परिपत्रक निघालं, विषय 'लोकसहभाग'. यादीत पहिलं नाव झुबेरभाईंचं, दुसरं दिनानाथशेठचं. शेठ मुकाट्याने गेले, निदान झुबेरभाईंच्या शेजारचा कोपरा तरी मिळाला. पुढची नावं अभिप्रायाच्या वहीतून घेतली आहेत. तुम्हीही होतात त्या दिवशी, दुसऱ्या रांगेत. वहीत 'ऊर भरून आला' असं लिहून खाली सही केली होतीत, पत्त्यासकट. तुमचा दोर एकशे नववा. सकाळी सहाला हजर राहायचं आहे, आणि पिण्याचं पाणी आपलं आपण आणायचं आहे.