गुलाबी पाकिटातली शिंगं

एका जंगलात चितळांचा कळप होता आणि त्या कळपात एक नियम होता. थोरल्यांनी हुंगलं की पिल्लांनी खायचं. का, ते विचारायचं नाही.

मुलांनो, तुमच्याही घरी असे नियम असतील. असू देत. पुढे ऐका.

नियम मुळात वाईट नव्हता. जंगलात विषारी पाला असतो. थोरले आजोबा नव्या पाल्याला नाक लावत, डोळे मिटत आणि सावकाश म्हणत, "हूं." हूं झालं की कळप पाल्यावर तुटून पडे.

या कळपात कवडी नावाची एक तरुण हरिणी होती. सगळ्यांत लांब उडी तिची. आणि सगळ्यांत जास्त बोलणीही तिनंच खाल्लेली, कारण ती "का?" असं विचारायची.

एके दिवशी तिथे तरस आला. तरस काय खातो, हे तुम्हाला माहीत आहे. कळपालाही माहीत होतं. पण हा तरस हसरा होता, त्याच्या गळ्यात टाय होता आणि तो पिल्लांसाठी खाऊ घेऊन आला होता. खाऊचं नाव शिंगवीर.

शिंगवीर म्हणजे गोड, कुरकुरीत, लालभडक गोळे. पाकिटावर एका चितळाचं चित्र. त्याची शिंगं एवढी उंच, की त्यांत ढग अडकलेला. आत एक शिट्टी फुकट. तरसानं पाकिटं झुडपांना टांगली, ती मोठ्यांच्या नाकासमोर नाही, बरोब्बर पिल्लांच्या नाकासमोर. एका साळुंकीला त्यानं गाणं शिकवलं, "शिंगवीर खाऊ, ढगाला शिंग लावू!" साळुंकी ते दिवसभर गायची. पिल्लं झोपेतही गायला लागली.

"आमच्यात थोरल्यांनी हुंगल्याशिवाय कुणी खात नाही हो," कवडीची भागूआत्या म्हणाली.

"वा! संस्कार असावेत तर असे," असं म्हणून तरसानं पाकीट थोरल्या आजोबांसमोर धरलं.

पाकिटाला बाहेरून कोवळ्या गवताचा रस चोळला होता. आजोबांनी नाक लावलं. डोळे मिटले. "हूं."

पाकीट कुणी फोडलं नाही. नियम हुंगायचा होता. फोडायचा नव्हता.

"तरसकाका," कवडी म्हणाली, "आमच्यात शिंगं फक्त मुलग्यांना येतात. मग मुलींनी हे का खायचं?"

"म्हणून तर मुलींसाठी गुलाबी पाकीट आहे!" तरस हसत म्हणाला.

"बघा, किती बारीक विचार केलाय," भागूआत्या म्हणाली. "आणि ही कार्टी शंका काढतेय."

मग तरसानं थोरल्यांना एक मोठा खारा दगड भेट दिला. थोरले दिवसभर तो चाटत बसू लागले. चाटताना जीभ गुंतलेली असते. त्यामुळे पिल्लांचं काय चाललंय, यावर चर्चा होत नसे.

कवडीला एक लहान भाऊ होता. भिंग्या. तो आधी दिवसभर गिरक्या घ्यायचा. आता तो शिट्ट्या जमवायचा. गवत पाहिलं की तोंड फिरवायचा. शिंगवीर मिळालं नाही, तर जमिनीवर लोळून पाय आपटायचा, आणि मिळालं, की धापा टाकत पडून राहायचा. पोट मात्र छान गोल झालं होतं.

"बाळसं धरलंय," आत्या कौतुकानं म्हणाली.

एका सकाळी माकडं ओरडली. वाघ! कळप उधळला. सगळे ओढ्यापलीकडे पोचले, भिंग्या सोडून. चार उड्या मारून तो खाली बसला होता. कवडी परत फिरली, डोक्यानं ढकलत ढकलत तिनं त्याला ओढ्यापलीकडे नेलं. वाघ धावलाच नाही. आपण आंबा पिकायची वाट बघतो ना, तसा तो शांतपणे बघत बसला होता.

"आजोबा, याचे पाय बघा! हे त्या गोळ्यांमुळे झालंय," कवडी ओरडली.

आजोबांनी पाय पाहिले. विचार केला. "त्याला कमी पडतंय. दोन पाकिटं देत जा."

थोड्याच दिवसांनी तरस नवीन खाऊ घेऊन आला. बाळ-शिंगवीर. आईचं दूध पिणाऱ्या पाडसांसाठी. ओढ्याकाठच्या मोकळ्या माळावर मोठा समारंभ ठेवला. आजोबांना हार घातला. आणि कार्यक्रमात ठरलं, की कवडीनं सगळ्यांसमोर ओढ्यावरून उडी मारायची.

"उडी मारायची आणि एवढंच म्हणायचं, मी लहानपणापासून शिंगवीर खाते," तरसानं समजावलं.

"मी तर गवत खाते."

"अगं, ते कुणाला दिसतंय? उडी दिसते."

"कवडे, चारचौघांत शोभा करू नकोस," आत्या कुजबुजली. "एक वाक्य बोलायला काय जातंय तुझं?"

समोर पाडसं बसली होती. काहींना नीट उभंही राहता येत नव्हतं. त्यांच्यात भिंग्या होता. त्याला आता बसूनही धाप लागत होती.

कवडीनं जवळच्या झुडपाला टांगलेलं एक पाकीट तोंडानं ओढून जमिनीवर ठेवलं. त्यावर खूर मारला. पाकीट फाटलं आणि लाल गोळे आजोबांच्या पुढ्यात सांडले.

"आजोबा, आता हुंगा."

सगळे बघत होते. आजोबांना हुंगावंच लागलं. त्यांनी नाक लावलं. डोळे मिटले नाहीत, उलट मोठे झाले. त्यांना तीन शिंका आल्या आणि ते दोन पावलं मागे सरले.

"पाकिटाचा वास चांगला होता," ते हळूच म्हणाले.

"भिंग्या पाकीट खात नव्हता, आजोबा."

तरस अजून हसतच होता. "चला, चला, वेळ होतोय. उडी?"

"नाही," कवडी म्हणाली. "मी उडी मारणार नाही. ते वाक्य बोलणार नाही. आणि आजोबा, आजपासून भिंग्या तुम्ही हुंगलेलं काहीच खाणार नाही. त्याला नाक आहे. ते कसं वापरायचं, ते मी शिकवीन."

आत्यानं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी इतर थोरल्यांकडे पाहिलं. इतर थोरले खाली बघत होते. साळुंकीनं गाण्यासाठी चोच उघडली आणि मिटली.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी मोठ्यांचं ऐकावं. ऐकणारी पिल्लं गुटगुटीत होतात आणि गुटगुटीत पिल्लं सगळ्यांना आवडतात. वाघाला तर फारच.