ठाण्याने फिरविलेली फौज

श्रीमंगलमूर्ती पाठीशी. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरी एका राज्यात वर्तले ते ऐसे जे, पागेचा दारोगा दावलजी खुटवड, मोठा मायाळू, त्याजपाशी एक अंडील घोडा पैदाशीकरिता राखिला होता. स्वारी नाही, दौड नाही. आपले ठाणी, म्हणजे बांधावयाचे जागी, उभे राहावे, चंदी खावी आणि पागेस शिंगरे द्यावी, इतकीच चाकरी. सरलष्करांस हे पाहवेना. ते दरबारी बोलिले, "फुकट खातो. मोहिमेत चालला तर बरे, ना तर खच्ची करावा." महाराजांनी रुकार दिला, आणि आपणच त्याजवर बसावयाचा हट्ट धरिला. दावलजी हात जोडून बोलिला, "महाराज, ह्याला ठाणाबाहेरचं जग ठाऊक न्हाई. लेकरावानी वाढवलाय." महाराज हसले मात्र.

मग फौज निघाली, आणि राज्य ते केवढे, दुपारीच सीमेवर गनीम समोर उभा ठाकला. दावलजी रिकिबीपाशी चालत मनात देव आळवीत होता. इतक्यात चंदीची वेळ झाली. घोड्याने कान टवकारिले, मान वळविली आणि महाराजांसुद्धा घराकडे चौखूर सुटला. शिरस्ता ऐसा, की महाराजांच्या घोड्याचे तोंड जिकडे, फौजेचे तोंड तिकडे. मग निशाण फिरले आणि हत्ती फिरले आणि तोफा फिरल्या, आणि सरलष्करही मुकाट फिरले. गनिमाने मनी आणिले, न लढता ऐसे रांगेने फिरतात, तर यात खास दगा आहे. आणि तो तळ टाकून पळाला.

घोडा थेट ठाणी येऊन थांबला. वरच्या तुळईस लागून महाराजांचा मंदील गवतात पडला. मागून दावलजी धापा टाकीत आला आणि पाय धरून बोलिला, "सजा मला करा, ह्याला नको." तोच जासूद गनीम पळाल्याची खबर घेऊन आला. महाराजांनी मंदील झटकिला आणि आज्ञा केली, "आम्ही जाणूनच फिरविला."

"जी," म्हणून दावलजीने खाली पाहिले आणि घोड्यापुढे चंदी ठेविली.

सरलष्करांनी हळूच पुसिले, "मग खच्ची करावयाचे?"

"ज्यास आपले ठाण कळते तो ठाण्या. यास हात लावाल तर याद राखा."

दावलजीने घोड्याच्या मानेत तोंड खुपसून आनंदाने रडून घेतले.

येणेप्रमाणे त्या राज्यी पैदाशीच्या घोड्यास ठाण्या म्हणू लागले. त्या सांजेस घोडा आपले ठाणी, महाराज आपले ठाणी, आणि लढावयास गेलेले शिपाई झाडून सारे आपापले घरी जेविले.