हे लॉन नाही

आमच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीच्या मागच्या बाजूला एक पाटी आहे : 'हे लॉन नाही. हे कुणाचं तरी जेवण आहे. यात पाय घालाल, तर तुमच्या ताटात पाय घालू.'

पाटी दामूअण्णांची. हडपसरची जमीन गेली, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि अण्णा मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आल्या आल्या त्यांनी आमचं लॉन खणलं आणि वाफ्यावाफ्याने मका-चवळी पेरली. कुणाला विचारलं? कुणालाही नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मला रागीट माणसांचा भयंकर राग येतो आणि अण्णा तर उठल्यापासूनच तापलेले.

"नुसता मका लावा ना, सुटसुटीत," मी एकदा म्हणालो.

"तुम्ही नुसता भात खाता? वरण लागतं का नाय? मका भात हाय, चवळी वरण हाय! एवढं शिकून शेण खाल्लंत!"

तिसऱ्या मजल्यावरच्या देशमानेकाकू चवळीच्या शेंगांवर डोळा ठेवून होत्या. फुलं दिसताच अण्णांनी विळा चालवला. "शेंगा धरल्या की देठ निबर होतंय. शेंगा तुम्ही खाणार, आन् तिनं काय दोऱ्या चघळायच्या?" काकूंनी बोलणं टाकलं. 'ती' कोण, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी सभेत ठराव झाला : पीक काढा, लॉन लावा. नोटीस मी स्वतः त्वेषाने टाईप केली. द्यायला गेलो, तर अण्णा भारा बांधून उभे. "मुलगा गावाला गेलाय. गाडी काढा. मार्केट यार्डाच्या मागं जायचंय."

मी नोटीस खिशात घातली आणि स्कूटर काढली. स्वतःचाच संताप आला.

एका गोठ्याच्या अलीकडे, कोपऱ्यावरच ते उतरले. "जा, आत टाका. तांबडी गाय. माझी होती. आन् त्या गवळ्याला सांगा, नुसती कोबीची पानं घालतो, अक्कल हाय का?"

"तुम्हीच सांगा की!"

"जा म्हणतो ना!"

आत गवळी हळू आवाजात म्हणाला, "अण्णा आधी रोज यायचे. ते गेले, की ही दावं ओढायची. दिवसभर वैरणीला तोंड लावायची नाय. म्हणून आता बाहेरच थांबत्यात."

मी भारा सोडला. तांबडीने तो हुंगला, मान वर केली आणि माझ्यामागे दाराकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने एक घास घेतला.

बाहेर आलो. अण्णा भिंतीला टेकून उभे होते.

"खाल्लं?"

"टाकल्या टाकल्या!"

"खोटं बोलू नका!" अण्णा ओरडले. "आधी दाराकडं बघती ती."

आणि तोंड फिरवून गाडीवर बसले. रस्ताभर एकदाही कुणावर खेकसले नाहीत.

नोटीस अजून माझ्याच खिशात आहे. आता लॉनचं नाव काढून बघाच कुणी.