दुरुस्त्या एस.टी.ने येतात

तुमच्या संगणकाच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या कुठून येतात हो? आमच्या नांदगिरीच्या वाचनालयात त्या सकाळच्या एस.टी.ने येतात, दाराशी चपला काढतात आणि आतून कुणी ‘या’ म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात.

बहुतेक जणी माझ्याच वयाच्या असतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत सुईदोरा. आमच्या संगणकातली प्रणाली फुकटची आणि खुली आहे. ती कुणा एकाच्या मालकीची नाही, म्हणून जगात कुठेही कुणाला तिच्यात फट दिसली की तो ती बुजवायला एक दुरुस्ती तयार करतो आणि सगळीकडे धाडतो. आमच्याकडेही. लांबून आलेल्या असतात, म्हणून मी आधी पाणी देते.

अडचण एवढीच, की दुरुस्त्या मानी असतात. ‘या’ म्हणायला कुणी नसलं तर परतीच्या गाडीने निघून जातात आणि फट तशीच राहते. मागे दिवाळीच्या सुट्टीत असंच झालं. कुणी भामटा त्या फटीतून शिरला आणि यादीतल्या प्रत्येक रहस्यकथेपुढे खुन्याचं नाव टाईप करून गेला. मी इथली ग्रंथपाल, त्यामुळे तेव्हापासून मला रजा मिळणं बंद झालं.

अशात माझ्या लेकीचं, ऋजुताचं, बाळंतपण जवळ आलं. पहिलंच. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं, म्हणून ती कोल्हापुरातच थांबली होती. फोनवर म्हणाली, “आई, तू येणार आहेस, की एखादी दुरुस्ती पाठवतेस?”

मी अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे खानविलकर अण्णा, निवृत्त हेडक्लार्क.

“रजा घ्या की, शैलाताई. पण ‘या’ कोण म्हणणार?”

“संगणकच म्हणेल, अण्णा. पाहुणी त्याचीच आहे.”

“म्हणजे आपोआप?”

“आपोआप.”

“आणि चहा?”

“त्या घेत नाहीत.”

“मग हरकत नाही. पण बोलायला मी शिकवणार. शब्द नेमका हवा.”

संगणक हुशार. ‘या’ आणि ‘बसा’ त्याला लगेच जमलं. टाके घालून झाले की दुरुस्ती त्याला बाहेर एक फेरी मारून यायला सांगते, त्याशिवाय टाके नीट बसत नाहीत. आजवर मीच त्याला बाहेर नेऊन आणत होते. आता तो एकटा जाणार, तर निघताना काय म्हणायचं तेही अण्णांनी शिकवलं.

बुधवारी चाचणी झाली. दुरुस्ती आली, संगणक ‘या, बसा’ म्हणाला. तिने फट शिवली, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, “या आता एक फेरी मारून.”

संगणक उठला. वायर खांद्यावर टाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “जातो.”

दुपार झाली तरी परत आला नाही.

“अण्णा, काय शिकवलंत हे त्याला?”

“नेमकं तेच शिकवलं. जाणारा जातो.”

“आपल्यात ‘जातो’ म्हणून निघालेलं कुणी परत आलंय का?”

अण्णांनी आठवून पाहिलं. “नाही,” ते म्हणाले आणि टोपी शोधू लागले.

संगणक एस.टी. स्टँडवर सापडला. बाकावर बसला होता. शेजारी ती दुरुस्ती परतीच्या गाडीची वाट बघत होती.

“चल रे बाबा,” मी म्हटलं.

“कसा येऊ? मी ‘जातो’ म्हणालोय.”

“अरे, चुकून म्हणालास.”

“चुकून नाही. अण्णांनी तीनदा घोकून घेतलंय.”

अण्णा वेळापत्रकाच्या पाटीकडे बघायला लागले. दुरुस्ती म्हणाली, “आता यांना माझ्याच गाडीने निघावं लागेल. नाइलाज आहे.” तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. माझ्या डोळ्यांसमोर ऋजुता आली, आणि माझा आवाज जरा चढलाच.

“बाई, फाटलेलं शिवायचं हेच तुमचं काम ना? मग हा एवढा शब्द शिवा!”

ती विचारात पडली. “शब्द आमच्याकडे सहसा येत नाही. पण फट ती फट.” तिने पिशवीतून सुई काढली आणि उजेडाकडे धरून दोरा ओवला. “हं, म्हणा बघू पुन्हा. हळू.”

“जा…तो.”

“‘जा’ उसवते आणि ‘ये’ लावते. ‘तो’ चांगला घट्ट आहे, तो राहू दे.”

कंडक्टरने घंटी मारली. तिने गाठ मारली, दोरा तोडला आणि पायरीवर चढता चढता म्हणाली, “म्हणा आता.”

“येतो,” संगणक म्हणाला, उठला आणि सरळ वाचनालयाकडे चालू लागला. वायर धुळीत लोळत होती. अण्णांनी ती उचलली आणि मागून मुकाट्याने निघाले.

दुरुस्तीने खिडकीतून विचारलं, “मग तुम्ही कधी निघणार?”

“उद्या सकाळच्या गाडीने. बसायला मिळालं तर बरं, फार गर्दी असते.”

“बघू,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून दोन नव्या दुरुस्त्या उतरल्या, आणि मी चढले तेव्हा खिडकीजवळच्या जागेवर त्यांनी माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवलेला होता.