दंडोबाईच्या निर्जळी उपासाची बखर

कुलस्वामिनीस दंडवत, तुळशीस पाणी, वाचणारांस पाट. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आणि संवत्सराचे नाव खरे व्हावे ऐसेच वर्तन आमचे महाराज त्र्यंबकराव यांणी केले. काय केले म्हणाल, तर आम्ही राणीसाहेब दळण आणावयास गेलों असतां, आमचे हुकमाने उपाशी बसविलेल्या रयतेस त्यांणी चोरून पाणी पाजिले, आणि विचारिले तों तोंड वर करून म्हणाले, "दव पडलं असेल." छपराखालील गॅलरींत दव! आम्ही चौथ्या यत्तेपलीकडे गेलों नाही, परंतु कुंडीखालची बशी ओली की कोरडी हे समजावयास शाळा लागत नाही.

रयत कोण ते सांगतों. आमची कन्या चिरंजीव केतकी धरणाच्या कामावर दूर पूर्वेच्या डोंगरी मुलखांत राहते. मागील खेपेस तिने तिकडून एक ऑर्किडाचे झाड आणिले. नाव डेंड्रोबियम. ते आमचे जिभेवर बसेना, आणि अंगी तर नुसते मऊ दांडे, म्हणोन आम्ही तिचे नाव दंडोबाई ठेविले. माती नको, कोळसा आणि सालींचे तुकडे यांतच सुखी. निघतेवेळी लेक बोलली, "आई, पावसाळाभर खाऊपिऊ घाल, पण दिवाळीनंतर पाणी तोड. पानं गळतील, दांडे सुरकुततील, घाबरू नकोस. थंडीत कोरडी राहिली तरच पेरापेरांतून फुलं येतात. पाणी दिलंस तर फुलांऐवजी पिल्लं धरते. फाल्गुनात येईन तेव्हा फुललेली दाखव. जमेल ना तुला?" जमेल ना, ऐसे आम्हांस विचारिले! मग आम्ही मनांत पक्के केले की लेक उंबऱ्याशी येतां जांभळी फुले तिला सामोरी गेली पाहिजेत, आणि दिवाळी सरतांच उपासाचा हुकूम सोडिला.

पाने पिवळी पडोन गळो लागली आणि महाराजांचा जीव खालीवर जाहला. म्हणाले, "अगं, उपासालासुद्धा पाणी चालतं."

"हा निर्जळी आहे."

"निर्जळी एका दिवसाचा असतो. तू हिला होळीपर्यंत हरताळका धरायला लावलीस."

"हिला नवरा नाही मिळवायचा, फुलं आणायचीत. आणि तुमची साखर बंद झाल्यापासून तुम्हाला जो तो उपाशीच दिसतो."

आम्ही जिंकलों ऐसे समजोन दळणास जात राहिलों. तेथेच घात जाहला.

मग माघांत दांड्यांच्या पेरांवर हिरवे डोळे फुटले. आम्हांस हर्ष बहुत जाहला. समोरच्या राज्यांतील दामलेबाईंस बोलावून दाखविले, पेढे वाटिले, महाराजांस वगळिले. आणि पुढे ते डोळे उघडले तों आंत फूल नव्हे, पान. आणि पानाखाली पांढरी मुळे, अधांतरी लोंबणारी. अवघी पिल्ले! आम्ही हाक मारिली, "अहो, इकडे या. हे काय?"

"पिल्लं. छान आहेत की."

"फुलं कुठायत? खरं सांगा, पाणी घातलंत ना?"

आधी तेच "दव पडलं असेल" जाहले. आम्ही ओली बशी पुढे केली तों महाराज कठड्यास हात लावून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "केतकी फोनवर किती वाळलेली दिसली गं. जेवलीस का विचारलं तर हो हो म्हणाली आणि विषय बदलला. तिच्या ताटात इथून काय वाढणार? फोन ठेवून गॅलरीत आलो, तर ही पण तशीच, नुसती हाडं. हातात तांब्या होता. मग तू दळणाला गेलीस की तेच झालं."

आमचे तोफखान्यांत शब्द बहुत ठासले होते, ते तैसेच ठेवून आम्ही आंत गेलों आणि कुकर लाविला.

फाल्गुनांत लेक मोठी रजा घेऊन आली आणि पायताण न काढितां थेट गॅलरींत गेली. आम्ही मागे उभे, मान खाली. ऐसी मान आम्ही सासूपुढेही घातली नव्हती. तिने झाड न्याहाळिले आणि म्हणाली, "बाबा, पाणी तुम्ही घातलंत ना?"

"दव पडलं असेल गं."

लेक हसतां हसतां रडो लागली, आणि बापाच्या खांद्यास डोके टेकून म्हणाली, "आई, यातलं एक मला दे. तिकडे खोलीत कोणीतरी हवंच आहे." खरेच वाळली होती. मग पिठले, भाकरी, वांग्याचे भरीत ऐसा खाना जाहला, आणि महाराज स्वतः न जेवितां तिचे ताट पाहत बसले. रजा सरली तों पिल्लांची मुळे बोटाएवढी जाहली होती. एक पिल्लू ओल्या शेवाळांत गुंडाळून, चकलीच्या डब्यांत बसवून, लेकीबरोबर रवाना केले. एक येथेच लहान कुंडींत लाविले.

तात्पर्य, त्या साली आमचे राज्यांत फूल एक आले नाही, प्रजा मात्र वाढली, आणि लेक अंगाने थोडी भरून गेली. तिला गाडींत बसवून आलों तों महाराज रिता तांब्या घेऊन दंडोबाईपाशी उभे. तेव्हां आम्ही लहान कुंडी त्यांचे हातीं दिली आणि निकाल ऐकविला, "अहो, ऐका. मोठी माझी. येत्या थंडीत ती उपाशीच बसणार, तांब्या घेऊन फिरकलात तर हात बांधून ठेवीन. हे पिल्लू तुमचं, त्याला काय भरवायचं ते भरवा. आणि डोळे पुसा आधी. तेवढंसुद्धा पाणी मोठीत पडता कामा नये."