मिशी, मावा जिलेबी आणि गिरधर शेठचा काटा

दोन हजार तेवीस साली, माघ महिन्यात, बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनारच्या देवीच्या ओट्यावर उभं राहून चुडामणदादांनी आपली मिशी पणाला लावली, तेव्हा मथुराबाई तिथंच बसून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या अशा प्रतिज्ञा त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. तंबाखू सोडण्याची शहाऐंशी साली, पहाटे पाचला उठण्याची ब्याण्णव साली, आणि रागावर ताबा ठेवण्याची तर दर संक्रांतीला, तिळगुळाबरोबर!

"ऐका रे सगळे!" दादा गरजले. "आज मी शहाण्णव किलो आहे. चैत्री पुनवेला तुलेत बसेन तेव्हा पंच्याऐंशीच्या वर छटाकभर जरी भरलो, तर ही मिशी उतरवून देवीच्या पायाशी ठेवीन!"

ती मिशी म्हणजे काही साधी मिशी नव्हती. जुळ्या केळ्यांसारखी दोन्ही गालांवर वाकलेली, रोज सकाळी खोबरेल पिणारी मिशी! शाहपूरच्या बाजारात लोक दादांना नावानं कमी आणि मिशीनं जास्त ओळखत.

"दादा, विचार करून बोला," शेजारचा कडू म्हणाला. हा कडू काडीसारखा बारीक. त्याच्या अंगावर सदरा दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसे. "मिशी गेली तर तुम्हाले घरात कोन घेईल?"

"मी घेईन," मथुराबाई वात वळता वळता म्हणाल्या. "आवाजावरून ओळखीन."

आता ही तुला कसली, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वीच्या साथीत दादा एकोणीस दिवस बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात होते. तेव्हा मथुराबाईंनी देवीला नवस बोलला, "माणूस घरी येऊ दे, त्याच्या वजनाइतकी मावा जिलेबी गावाला वाटीन." देवीनं ऐकलं. दादा बासष्ट किलोंचे होऊन परत आले. नवस त्याच आठवड्यात फेडला असता तर किती सोपं होतं! पण आधी अशक्तपणा होता, मग वादळात केळी आडवी झाली, आणि मधल्या काळात मथुराबाईंनी नवऱ्याला अशा मायेनं खाऊ घातलं, की दर महिन्याला नवस दीड किलोनं वाढत गेला. शेवटी बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या डॉक्टरांनी दादांना काट्यावर उभं केलं आणि शहाण्णव आकडा पाहून म्हणाले, "चुडामणभाऊ, गुडघे तुमचे आहेत, माझं काय जातं?" आणि रोजच्या साध्या सवयींची एक चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी सून वैजयंतीनं स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवली. वैजयंती शिकलेली, फोनवर तब्येतीचे व्हिडिओ बघणारी. "बाबा, बिलकुल टेन्शन नका घेऊ. छोट्या छोट्या आदती आहेत, बस्स!"

सवयी खरंच साध्या होत्या. दादांनी त्या आपल्या पद्धतीनं पाळल्या इतकंच.

ताट लहान घ्यावं, असं लिहिलं होतं. दादांनी नातवाची ताटली घेतली. तिच्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मावेना, तिचे काठ चारी बाजूंनी लोंबत राहिले. आणि ती ताटली सात वेळा भरली! वैजयंतीनं हटकलं तर म्हणाले, "ताट लहान घ्या लिहिलंय, बहू. कितीदा घ्या ते कुठं लिहिलंय?"

घास बत्तीस वेळा चावावा. दादांच्या तोंडात दात तेवीस. उरलेल्या नऊ दातांचं काम त्याच दातांवर पडल्यानं जेवण दोन तास चालायचं, आणि संपेपर्यंत पहिल्या भाकरीची भूक परत लागलेली असायची.

रात्रीचं जेवण लवकर घ्यावं. दादा साडेसहाला जेवून घेत. मग नऊला घरचे जेवायला बसले की पुन्हा पाटावर हजर! "सगळे जेवताहेत आणि मी नुसता पाहत बसू? अन्नाचा अपमान होतो."

चहात साखर नको. घरी दादा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पीत आणि मग उरलेली साखर अकरा घरी जाऊन भरून काढत. राहता राहिलं चालणं. तर केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर दादांसारखा माणूस पायी चाललाय, हे गावाला बघवेना. "अरे दादा, गाडी बिघडली का? बसा बसा!" म्हणत जो तो मोटारसायकल थांबवी. नाही म्हणावं तर समोरच्याला राग! दादा शाहपूरपर्यंत गाडीवर जात, तिथं भजी खात आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीवर परत येत. वैजयंतीनं खिशात घालून दिलेल्या फोनमध्ये त्या दिवशी चारशे पावलं निघत. त्यातली निम्मी भज्यांच्या गाडीभोवतीची.

असे बारा दिवस गेले. मथुराबाईंच्या मते काही फरक नव्हता. त्यांच्याकडं स्वतःचं माप होतं: दादांच्या पायजम्याची नाडी! गाठ जिथं बसायची तिथं नाडीवर मळकट खूण पडली होती. मथुराबाई धुणं धुताना ती खूण रोज पाहत. खूण जागेवरून हलली नव्हती.

तेराव्या दिवशी केळीचे व्यापारी गिरधर शेठ आले. दादांच्या बागेत घड कापायला सुरुवात झाली, ट्रक लागला, आणि वजनासाठी शेठचा इलेक्ट्रॉनिक काटा दादांच्या अंगणातल्या पत्र्याखाली मांडला गेला. पुढचे दोन महिने गावभरची केळी तिथंच मोजायची असं ठरलं. दादांनी काटा पाहिला, चपला काढल्या आणि वर चढले.

चौऱ्याऐंशी!

दादा खाली उतरले. पुन्हा चढले. चौऱ्याऐंशी!

"मथुराऽऽ! बारा दिवसांत बारा किलो!"

मथुराबाई हातातला पायजमा पिळत बाहेर आल्या. "मग नाडीची गाठ अजून तिथंच कशी बसते?"

"नाडी पुरानी झाली, ढिली पडली! हा काटा इलेक्ट्रॉनिक आहे, त्याले खोटं बोलता येत नाही!"

गिरधर शेठ पान चघळत उभे होते. त्यांना एकदम ठसका लागला. "दादा, उतरा बरं खाली. तो केळीचा काटा आहे. माणसांनी चढलं तर बिघडेल."

"बिघडेल कसा? केळीले जो न्याय तोच मले!" दादा म्हणाले. शेठ पान थुंकायच्या निमित्तानं ट्रकमागं गेले. का गेले, ते गावाला पुढं कळलं.

संध्याकाळपर्यंत बातमी अख्ख्या फोपनारात! दुसऱ्या दिवशी अंगणात रांग लागली. जो चढेल तो हलका! कुणी नऊ किलोंनी, कुणी सातांनी. लोकांनी विचारलं, "दादा, आम्ही तर काहीच केलं नाही, मग वजन उतरलं कसं?"

"माझ्या सवयींची हवा लागली तुम्हाले," दादांनी खुलासा केला.

शिकलेली सून तरी शंका काढील, असं मथुराबाईंना वाटलं होतं. पण काट्यानं वैजयंतीच्या साठाचे साडेबावन्न केले, आणि शिक्षण तिथंच संपलं. "आई, तुम्ही पण बघा ना एकदा!" ती म्हणाली.

"मी का केळीचा घड आहे?" मथुराबाई म्हणाल्या आणि नाडी वाळत घालायला निघून गेल्या.

हाहाकार उडाला तो एकट्या कडूच्या घरी. अठ्ठेचाळीस किलोंचा कडू काट्यावर बेचाळीस भरला! त्याच्या बायकोनं हंबरडाच फोडला. पोटात काहीतरी मोठं दुखणं आहे, असं धरून कडूनं बुऱ्हाणपुरात जाऊन रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. काहीच निघेना. मग जे निघत नाही ते फार भयंकर असतं, असं ठरवून त्यानं रोज वाटीभर तूप प्यायला सुरुवात केली.

इकडं दादा गावाचे गुरू झाले. रोज सायंकाळी ओट्यावर "साध्या सवयी" या विषयावर बोलत, आणि श्रोत्यांसाठी घरून शेव-मुरमुरे जात. एवढंच नाही, तर लोकांनी एक दिवस गिरधर शेठच्या काट्याला झेंडूचा हार घातला! शेठ बिचारे हात जोडून हसत राहिले. काटा हलवावा तर लोक विचारणार, न हलवावा तर लोक चढणार!

चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दादा शेवटचे काट्यावर उभे राहिले. बरोबर पंच्याऐंशी. "एक किलो वाढला," मथुराबाई म्हणाल्या.

"पैज पंच्याऐंशीची आहे. मिशी सलामत! इतवाऱ्यात समाधान हलवायाला सांग, जिलेबी बरोबर पंच्याऐंशी किलो. ना कमी, ना जास्ती. देवीपुढं लबाडी नको."

पौर्णिमेला सगळा गाव देवळापुढं जमला. लिंबाच्या फांदीला जुना तराजू टांगला होता. पूर्वी गावात घरोघर कापूस भरत, तेव्हाचा तो. लाकडी दांडी आणि चार दोरांवरची दोन फळकुटं. त्याला ना विजेची तार, ना आकडा. इकडं जड की तिकडं जड, एवढंच त्याला कळतं. समाधान हलवाई स्वतः पिपे घेऊन आला होता. काळीभोर, पाकात निथळणारी जिलेबी! गुरुजींनी मंत्र म्हटले. दादा मिशीला पीळ देऊन एका फळीवर मांडी घालून बसले आणि दुसऱ्या फळीवर पिपे चढू लागले.

वीस. चाळीस. साठ. पंच्याऐंशी किलो संपले. दादा जमिनीला चिकटलेलेच!

"हालत का नाहीत?" गुरुजी घाबरले. "देवी रुष्ट तर नाही?"

"मांडी सोडा दादा, पाय टेकले असतील!" कुणीतरी ओरडलं. दादांनी पाय वर घेतले. काही नाही. श्वास रोखला. काही नाही.

"देवी नाही, हलवाई रुष्ट आहे!" दादा फळीवरूनच गरजले. "समाधान, माल कमी आणलास! नवसात काटा मारतोस?"

समाधानचं तोंड जिलेबीहून काळं पडलं. तीन पिढ्यांचं दुकान, आणि सगळ्या गावासमोर हे! "दादा, माझा माल तोळाभर जरी कमी निघाला तर दुकान बंद करीन. आणा तुमचा तो हारवाला काटा! होऊन जाऊ द्या!"

"काटा... काटा आज चार्ज नाही," गिरधर शेठ मागून म्हणाले. पण तोवर पोरांनी उचलून आणलाही होता.

पिपे उतरवून काट्यावर ठेवले. चौऱ्याहत्तर!

"पाहा! अकरा किलो खाल्ले!" दादा ओरडले. लोक समाधानवर धावून जायचेच बाकी राहिले. तेवढ्यात मथुराबाई पुढं आल्या.

"थांबा. समाधानभाऊ, तुमच्या गाडीत लोखंडी वजन आहे का? सरकारी शिक्क्याचं?"

"वीस किलोचं आहे, काकी."

"ठेवा बरं ते काट्यावर."

ठेवलं. लाल आकडे थरथरले आणि स्थिर झाले. साडेसतरा.

लोक आधी आकड्याकडं पाहू लागले, मग झेंडूच्या वाळक्या हाराकडं, आणि मग सगळे एकदमच गिरधर शेठकडं! दोन महिने गावभरची केळी याच काट्यावरून ट्रकमध्ये गेली होती.

"म्हणजे मी... आजारी नाही?" कडूनं विचारलं.

"म्हणजे मी साठच?" वैजयंती पुटपुटली.

"म्हणजे नाडी खरी," मथुराबाई म्हणाल्या.

पण नवस अर्धाच होता, आणि दादा अजून फळीवर बसून होते. पिपे परत दुसऱ्या फळीवर चढले. जिलेबी तर आणखी नव्हती. मथुराबाईंनी पदर खोचला आणि देवळामागं उभ्या असलेल्या शेठच्या ट्रककडं बोट दाखवलं. "पोरांनो, त्यातली केळी काढा. देवीला केळी काही वर्ज्य नाहीत. आणि शेठ, हे तुमच्याकडं आमचंच राहिलेलं आहे, नाही का?"

शेठनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच लटपटत होती, ते कुणी विचारलं नाही. काट्यावरचे साडेसतरा म्हणजे खरे वीस, असा हिशेब धरून वैजयंतीनं मोजून दिलेली फणीमागून फणी चढली. बाराव्या किलोला दांडी करकरली, आणि चुडामणदादा, गावाच्या साक्षीनं, वीतभर वर उचलले गेले. सत्त्याण्णव! डॉक्टरांकडं होते त्याहून एक किलो जास्त. हा एक किलो साध्या सवयींचा.

टाळ्या वाजल्या. गडबडीत दादा हळूच उतरून लिंबामागं निघाले होते.

"दादा," कडू म्हणाला, "मिशी?"

त्यानंतर काय झालं, तेही सांगते. मिशी देवीच्या पायाशी गेली. पहिले आठ दिवस नातू दादांजवळ जाईना, आणि मथुराबाईंनी मात्र शब्द पाळून आवाजावरून ओळखलं. समाधानच्या दुकानात आता ते वीस किलोचं वजन गल्ल्याशेजारी मांडलेलं असतं, गिऱ्हाईक आधी त्यालाच हात लावतं. वैजयंतीनं चिठ्ठी फ्रिजवरून काढली आणि वजन हा विषय त्या घरात तिच्यासमोर कुणी काढत नाही. कडू तुपावर पाच किलो वाढला. दादांचा तो एक किलो सोडला तर त्या साऱ्या मोहिमेत खरोखर वजन बदललेला तो एकटाच! गिरधर शेठना पंचांनी सगळा हिशेब चुकता करायला लावला. पुढच्या हंगामात ते दिसले नाहीत, दुसरे व्यापारी आले, नवे काटे घेऊन.

आणि दादा? नव्या काट्यावर कुणाचा भरवसा बसेना. लोखंडी वजन इतवाऱ्यात. पण साऱ्या गावानं डोळ्यांनी पाहिलेलं, देवीसमोर तोललेलं एक वजन गावातच होतं! तेव्हापासून कुठल्याही बागेत काटा मांडला की आधी दादांना बोलावणं येतं. दादा चढतात, आकडा सत्त्याण्णव आला तरच घड कापायला सुरुवात होते.

त्यामुळं दादांना आता ना वाढता येतं, ना उतरता येतं. सकाळी मथुराबाई पायजम्याची नाडी बघतात. खूण गाठीच्या आत गेली, म्हणजे दादा वाढले, तर शाहपूरपर्यंत पायी चालवतात, वाटेत कुणी गाडी थांबवली तर त्याला झापतात. खूण बाहेर दिसली, म्हणजे उतरले, तर ताटात एक जिलेबी वाढतात. भाकऱ्या मोजून तीन, चहा बिनसाखरेचा, जेवण साडेसहाला आणि एकदाच! डॉक्टरांच्या चिठ्ठीतली एकूण एक सवय दादा आता काटेकोर पाळतात.

फक्त बारीक व्हायची त्यांना गावाची परवानगी नाही.